जिवंत मेंदूतला अल्झायमर दिसतो कसा?

न्यू जर्सीला राहणाऱ्या मैत्रिणीचा रात्री उशिरा फोन आला. तिची आई गेली चार वर्षं तिच्याकडेच असते. वर्षभरात विसरणं वाढलं, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारणं सुरू झालं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी 'अमायलॉइड पेट' नावाचा एक वेगळा स्कॅन करून घेतला होता. त्याचा रिपोर्ट तिच्या हातात होता. "अगं, यात लिहिलंय अमायलॉइड पॉझिटिव्ह. म्हणजे आईला अल्झायमर आहे हे नक्की का? एमआरआय तर चांगला आला होता, मग हे कुठून निघालं?"

फोनवर जे तुटक तुटक सांगता आलं ते इथे नीट मांडते. हा प्रश्न आता फक्त परदेशातल्या मराठी घरांचा राहिलेला नाही. अल्झायमरवरची नवी औषधं, रक्ताची नवी तपासणी, 'वीस वर्षं आधी कळणार' अशा बातम्या सतत येतात आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी हाच स्कॅन आहे.

मेल्यावरच कळणारा आजार

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला माणसं आठवत नव्हती, शब्द सापडत नव्हते, नवऱ्याबद्दल भलते संशय येत होते. तिला तपासणाऱ्या अलॉइस अल्झायमर या डॉक्टरने तिच्याशी झालेली बोलणी लिहून ठेवली. १९०६च्या एप्रिलमध्ये ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, पातळ काप काढले, चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या बाहेर गाळासारखे साचलेले ठिपके होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षं परिस्थिती तशीच होती. डॉक्टर लक्षणं बघून, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेऊन 'बहुधा अल्झायमर' म्हणायचे. 'नक्की' म्हणायला मेंदूचा काप लागायचा आणि तो मृत्यूनंतरच मिळायचा. आपल्याकडे शवविच्छेदन बहुतेक वेळा अपघात किंवा संशयास्पद मृत्यूतच होतं. त्यामुळे 'साठी बुद्धी नाठी' किंवा 'म्हातारचळ' म्हणून निरोप दिलेल्या आपल्या किती आज्या-आजोबांना नेमकं काय झालं होतं, हे कधीच कळलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. स्मृतिभ्रंश हे लक्षणांचं नाव आहे, जसा 'ताप'. अल्झायमर हे त्यामागचं एक कारण, जसा मलेरिया. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडनेही येतो. तसाच स्मृतिभ्रंश मेंदूतल्या लहान लहान रक्तवाहिन्या बंद पडल्यानेही होतो, इतर प्रथिनांमुळेही होतो. बाहेरून सगळे सारखेच दिसू शकतात.

एमआरआयमध्ये का दिसलं नाही?

एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो. कुठे गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, कुठला भाग आक्रसलाय का, हे त्यात कळतं. अल्झायमरमध्ये स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आक्रसतो खरा, पण ते पुढच्या टप्प्यावर. त्याआधी कितीतरी वर्षं मेंदूचा आकार जवळपास जसाच्या तसा असतो आणि आत गाळ साचत असतो. हा गाळ म्हणजे अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाचे तुकडे. एकेक तुकडा जेमतेम ४० ते ४२ अमिनो आम्लांचा. हे तुकडे सगळ्यांच्याच मेंदूत तयार होतात आणि धुऊन निघतात. काहींच्या मेंदूत ते एकमेकांना चिकटतात, घडीवर घडी घातलेल्या कापडासारखे रचले जातात आणि मग निघता निघत नाहीत. रेणूंची ही घट्ट घडी लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

तर आकार दाखवणाऱ्या यंत्राला ही घडी दिसत नाही. त्यासाठी मेंदूत असा काहीतरी पदार्थ पाठवावा लागतो, जो नेमका तिलाच धरून बसेल आणि बाहेरून आपल्याला खूण देईल. अशा माग काढणाऱ्या रेणूला डॉक्टर मंडळी ट्रेसर म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

बटाटा, आयोडीन आणि कापडाचे रंग

शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून ती निळी-काळी होताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. १८५४ साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने हाच प्रयोग मृत शरीरांतल्या एका विचित्र साठ्यावर केला. तोही रंगला. त्याला वाटलं हा पिष्टमय पदार्थ असणार, म्हणून लॅटिनमधल्या पिष्टाच्या शब्दावरून त्याने नाव दिलं अमायलॉइड. पुढे कळलं की ते पिष्ट नसून प्रथिन आहे, पण नाव तसंच राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कापड गिरण्यांसाठी काँगो रेड नावाचा लाल रंग तयार झाला. सुती धाग्याला तो छान बसायचा. १९२२ मध्ये लक्षात आलं की तो अमायलॉइडलाही बसतो. पुढे थायोफ्लेविन टी हा दुसरा रंगही तसाच निघाला. दोन्ही रंगांचे रेणू लांबट आणि चपटे. प्रथिनाच्या त्या घट्ट घडीच्या खाचांमध्ये ते सरकून बसतात. प्रयोगशाळेत काचपट्टीवर हे उत्तम चालायचं.

जिवंत माणसात मात्र मधे एक पहारा आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांपेक्षा फार घट्ट विणलेल्या असतात. विद्युतभार असलेले किंवा आकाराने मोठे रेणू त्या आत सोडत नाहीत. काँगो रेड मोठा आणि भारित, थायोफ्लेविन टीवर धन विद्युतभार. शिरेतून टोचले तर दोघेही दारातच अडणार.

पिट्सबर्ग विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ विल्यम क्लंक आणि किरणोत्सारी रसायनांचे जाणकार चेस्टर मॅथिस यांनी याच दारावर अनेक वर्षं काम केलं. आधी काँगो रेडच्या नातलग रेणूंवर प्रयत्न झाले. ते अमायलॉइडला धरायचे, पण मेंदूत पुरेसे शिरत नव्हते. मग ते थायोफ्लेविनकडे वळले. त्याच्या रेणूतला भार आणणारा एक लहानसा गट काढून टाकला. भार गेला, रेणू आटोपशीर झाला आणि मेंदूत शिरू लागला. अमायलॉइडवरची त्याची पकडही कमी न होता उलट वाढली. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. सुती कापडासाठी जन्मलेला रंग, त्यातला एक कण कमी केला आणि तो जिवंत माणसाच्या मेंदूतला आजार ओळखू लागला.

उप्साला, २००२

हा रेणू पहिल्यांदा माणसाला टोचला तो अमेरिकेत नव्हे, स्वीडनमधल्या उप्साला शहरात, २००२ साली. 'पिट्सबर्ग कंपाउंड बी' हे नावही तिथल्याच संशोधकांनी पाडलं. तिथे हे काम पाहणाऱ्यांमध्ये हेन्री एंग्लर होते. हे मूळचे उरुग्वेचे. वैद्यकीचा विद्यार्थी असताना तुपामारो या सशस्त्र डाव्या गटात होते. पकडले गेले आणि १९७२ ते १९८५ अशी तेरा वर्षं कैदेत राहिले, त्यातला मोठा काळ एकांतवासात. सुटल्यावर स्वीडनला जाऊन त्यांनी अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. एकांतात स्वतःचं मन ढासळताना अनुभवलेला हा माणूस पुढे दुसऱ्यांच्या मेंदूतला आजार शोधण्याच्या कामात होता, हे मला विसरता येत नाही.

२००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सौम्य अल्झायमरचं निदान झालेले १६ रुग्ण आणि तुलनेसाठी ९ निरोगी माणसं. रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागात ट्रेसर थांबून राहिला होता, निरोगी लोकांत तो धुऊन निघाला होता. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या संशोधकांनीही एफडीडीएनपी नावाच्या वेगळ्या ट्रेसरने असं चित्र काढलं होतं, पण तो गाळ आणि गुंता दोन्हींना चिकटायचा, त्यामुळे दोन्हींतला फरक कळत नव्हता.

खूण बाहेर येते कशी?

ट्रेसर अमायलॉइडला जाऊन बसला. ते बाहेरून आपल्याला कसं कळणार? यासाठी रेणूतला एक अणू किरणोत्सारी ठेवतात. तो अणू फुटताना पॉझिट्रॉन नावाचा कण सोडतो. शेजारच्या इलेक्ट्रॉनला भिडताच दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण नेमके विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोवती बांगडीसारखं यंत्र असतं. बांगडीच्या दोन समोरासमोरच्या जागांवर एकाच क्षणी टकटक झाली की यंत्र त्या दोन टोकांमध्ये मनातल्या मनात एक दोरी ताणतं. अशा लाखो दोऱ्या ताणल्या की त्या जिथे सर्वांत दाट छेदतात, तिथे ट्रेसर आहे. पॉझिट्रॉनवर चालणारं हे चित्रण म्हणजेच 'पेट' स्कॅन.

यात एकेक ठिपका दिसत नाही. पेटला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक काही ओळखता येत नाही आणि अमायलॉइडचा ठिपका त्याच्या कितीतरी पट लहान असतो. दिवे घाटातल्या वारीचे उंचावरून काढलेले फोटो आठवा. एकेक वारकरी दिसत नाही, पण पांढरा प्रवाह कुठे दाट आहे ते लगेच कळतं. तसंच हे.

पिट्सबर्गच्या ट्रेसरमध्ये कार्बन-११ होता. त्याचं अर्धायुष्य अवघं २० मिनिटांचं, म्हणजे दर २० मिनिटांनी त्याची ताकद निम्मी. तो बनवणारं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र त्याच इमारतीत असेल तरच उपयोग. गाडीवरून घेतलेला बर्फाचा गोळा घरी नेता येत नाही, तसं. म्हणून फ्लोरिन-१८ वापरून नवे ट्रेसर केले गेले. त्याचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. मुंबईहून निघून पावणेचार तासांनी नाशिकला पोचला तरी चौथा हिस्सा उरतो, तेवढ्या हिशोबाने सुरुवातीला जास्त भरला की काम होतं. यातल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली, पुढच्या दोन वर्षांत फ्लुटेमेटॅमॉल आणि फ्लोरबेटाबेन यांना.

आणि हा ट्रेसर खरंच अमायलॉइड दाखवतो याची खात्री कशी केली? आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावरच्या लोकांनी त्यासाठी स्कॅन करून घेतले आणि मृत्यूनंतर मेंदू तपासायला संमती दिली. अशा ५९ जणांमध्ये स्कॅन आणि सूक्ष्मदर्शक यांची तुलना झाली. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड मध्यम ते भरपूर होतं, त्यांतले ९२ टक्के स्कॅनने ओळखले. ज्यांच्यात ते नव्हतं किंवा तुरळक होतं, त्यांतल्या एकालाही स्कॅनने चुकून पॉझिटिव्ह म्हटलं नाही. त्या ५९ जणांचे आपल्यावर उपकार आहेत.

स्कॅन वाचतात कसा?

रुग्णाला प्रत्यक्षात फारसं काही करावं लागत नाही. शिरेत इंजेक्शन, मग पाऊण-एक तास थांबायचं, मग दहा ते वीस मिनिटं यंत्रात स्थिर पडून राहायचं. मधलं थांबणं महत्त्वाचं आहे. रंगपंचमीला सगळं अंग रंगतं, पण आंघोळीनंतर रंग राहतो तो नखांच्या कडांना आणि टाचांच्या भेगांत. ट्रेसरही आधी सगळ्या मेंदूत पसरतो. रक्त त्याला धुऊन नेतं. धुण्यानंतर जिथे उरला, तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे.

एक अडचण मात्र कायम असते. मेंदूच्या आतला चरबीदार तारांचा पांढरा भाग या ट्रेसरला तसाही थोडा धरतो, अगदी निरोगी माणसातही. अमायलॉइड साचतं ते बाहेरच्या करड्या सालीत. त्यामुळे वाचणारा डॉक्टर नुसती चमक बघत नाही, सीमा बघतो. निरोगी मेंदूत आतला भाग उजळ, बाहेरची साल फिकी, दोन्हींतली कड साडीच्या काठासारखी स्पष्ट. अमायलॉइड साचलं की सालही उजळते आणि काठ पदरात विरघळल्यासारखा नाहीसा होतो. काठ दिसतो का, हा मुख्य प्रश्न.

आकड्यांत सांगायचं तर सेंटिलॉइड नावाची मोजपट्टी आहे. तरुण निरोगी लोकांची सरासरी शून्य धरली आणि ठरावीक अल्झायमर रुग्णांची शंभर. वेगवेगळ्या ट्रेसरचे आकडे एकाच पट्टीवर आणायला ती उपयोगी पडते.

पॉझिटिव्ह आला, म्हणजे अल्झायमर?

मैत्रिणीचा मूळ प्रश्न हाच होता आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही.

स्कॅन एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: मेंदूत अमायलॉइडचा गाळ आहे का? विसरणं त्याच गाळामुळे आहे का, हे तो सांगत नाही. ज्यांची बुद्धी आणि स्मरण अगदी ठणठणीत आहे अशा लोकांमध्येही वयाच्या पन्नाशीला सुमारे १० टक्के आणि नव्वदीला सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २०१५ मध्ये दिसलं. यांतल्या काहींना पुढे स्मृतिभ्रंश होईल, काही जण त्याआधीच वेगळ्या कारणाने जातील. गाळ साचायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पंधरा-वीस वर्षं जाऊ शकतात.

म्हणून माझ्या मते या स्कॅनचं सर्वांत ठाम उत्तर 'नाही' हे आहे. स्मरण खरंच घसरलंय आणि स्कॅन निगेटिव्ह आला, तर कारण अल्झायमर असण्याची शक्यता फार कमी उरते आणि डॉक्टरांना दुसरीकडे बघावं लागतं. अमेरिकेत 'आयडियाज' नावाच्या अभ्यासात सुमारे ११ हजार ४०० ज्येष्ठांचे स्कॅन झाले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. स्कॅननंतर सुमारे ६० टक्के रुग्णांच्या उपचारांची दिशा बदलली. आधी अल्झायमर वाटलेलं निदान बदलून दुसरं झालं असे जवळपास चौथा हिस्सा रुग्ण होते. तज्ज्ञांनी समोर बसून तपासलेले हे रुग्ण होते, हे लक्षात घ्या.

पॉझिटिव्ह उत्तराचं वजन वयावर ठरतं. साठीतल्या माणसाला लक्षणं आहेत आणि अमायलॉइडही आहे, तर दुवा घट्ट. नव्वदीत अमायलॉइड सापडणं तितकं बोलकं नाही. मैत्रिणीची आई एकाहत्तर वर्षांची, लक्षणं वर्षभराची, चाचण्यांमध्येही स्मरण कमी आलेलं. तिच्या बाबतीत डॉक्टर अल्झायमरच म्हणतील आणि ते रास्त असेल. पण ते स्कॅन एकटा बघून नव्हे, वय, लक्षणं आणि चाचण्याही सोबत ठेवून.

मग गुंत्याचं काय?

अल्झायमरांनी पेशींच्या आत पाहिलेला गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो. चेतापेशीत माल इकडून तिकडे नेणारे रूळ असतात. टाऊचं काम रूळ जागच्या जागी धरून ठेवण्याचं, स्लीपरसारखं. आजारात टाऊ रुळांवरून सुटतो आणि स्वतःभोवतीच पीळ घालून बसतो.

अमायलॉइड आणि टाऊ यांच्या वागण्यात मोठा फरक आहे. अमायलॉइड सालीवर बऱ्यापैकी सगळीकडे पसरतं आणि ते किती आहे यावरून माणूस किती विसरतो हे सांगता येत नाही. टाऊ पायरी पायरीने सरकतो. कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पसच्या दारातच सुरुवात होते आणि मग तो बाहेर पसरतो. हा क्रम हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ मध्ये मृत मेंदूंवरून मांडला होता. जिवंत माणसांत टाऊचा स्कॅन सुरू झाल्यावर तोच क्रम पुन्हा दिसला. आणि टाऊ जिथे, बिघाड तिथे: भाषेच्या भागात गेला तर शब्द अडखळतात, मागच्या दृष्टीच्या भागात गेला तर समोरची वस्तू ओळखता येत नाही. फ्लोरटॉसिपिर या टाऊ-ट्रेसरला अमेरिकेत मे २०२० मध्ये परवानगी मिळाली.

टाऊचे ट्रेसर बनवणं अमायलॉइडपेक्षा अवघड गेलं. टाऊ पेशीच्या आत असतो, प्रमाणाने कमी असतो आणि आजाराप्रमाणे त्याच्या घड्या बदलतात. एका जपानी ट्रेसरची गोष्ट बोलकी आहे. त्याची चित्रं छान येत होती. मग काही रुग्णांना पार्किन्सनसाठी वापरलं जाणारं सेलेजिलिन देऊन पुन्हा स्कॅन केला, तर चमक बरीच उतरली. सेलेजिलिन एमएओ-बी नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवतं. म्हणजे ट्रेसर बराचसा त्या विकरालाच चिकटत होता आणि आपण त्याला टाऊ समजत होतो. अशी उलटतपासणी केली म्हणूनच पुढचे ट्रेसर सुधारले.

औषधच नाही, तर कळून उपयोग काय?

हा आक्षेप मी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकलाय आणि दहा वर्षांपूर्वी त्याला मोठं उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते मोजूनमापून द्यायला हवं.

मेंदूतलं अमायलॉइड काढणारी दोन औषधं अमेरिकेत सध्या वापरात आहेत. लेकानेमॅबला जुलै २०२३ मध्ये पूर्ण परवानगी मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ रुग्ण होते. १८ महिन्यांनी स्कॅनमधला गाळ सरासरी ५५ सेंटिलॉइडने उतरला होता. आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. टक्केवारी मोठी वाटते, पण १८ गुणांच्या पट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा होता. गेलेलं स्मरण परत आलं नाही. सुमारे १३ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली, काहींमध्ये बारीक रक्तस्रावही झाला, म्हणून उपचारादरम्यान वारंवार एमआरआय करावा लागतो. हे औषध 'बरं करतं' असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

ट्रेसरशिवाय ही औषधं आली नसती, हे मात्र खरं. आधीच्या एका औषधाच्या मोठ्या चाचणीत नंतर स्कॅन तपासले, तेव्हा अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ जनुक नसलेल्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांच्या मेंदूत पुरेसं अमायलॉइडच नव्हतं. म्हणजे जो गाळ नाहीच, तो काढायचं औषध त्यांना देत होते. आता आधी अमायलॉइड सिद्ध होतं, मगच उपचार. डोनानेमॅबच्या चाचणीत तर गाळ पुरेसा उतरल्याचं स्कॅनवर दिसलं की औषध थांबवलं जायचं.

'अमायलॉइडचं संशोधन खोटं निघालं' त्याचं काय?

२००६ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेला एक गाजलेला शोधनिबंध चित्रांमध्ये फेरफार झाल्याच्या आरोपांनंतर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तेव्हापासून सगळं अमायलॉइड प्रकरणच बनाव आहे असे संदेश फिरतात. तो निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट, विरघळलेल्या रूपाबद्दल होता आणि तोही उंदरांवरचा. ट्रेसर ज्या घट्ट गाळाला धरतो तो १९०६ पासून सूक्ष्मदर्शकाखाली दिसतोय. तो गाळच आजाराचं मूळ कारण आहे की आजाराच्या साखळीतला एक दुवा, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे आणि तो खराखुरा वाद आहे. पण गाळ आहे की नाही, हे दाखवण्याच्या स्कॅनच्या क्षमतेला त्या निबंधाने धक्का लागत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात काढला गेला. पेटची यंत्रं आपल्याकडे नवी नाहीत. देशातलं पहिलं पेट यंत्र मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं, तेही २००२ सालीच. पण आपल्या पेट केंद्रांमधलं बहुतेक काम कर्करोगाचं असतं आणि त्यासाठी एफडीजी हा साखरेचा ट्रेसर वापरतात. एफडीजीने मेंदूही बघता येतो. मेंदूचा कुठला भाग साखर कमी खातोय, म्हणजे आळसावलाय, हे त्यात कळतं आणि त्या नमुन्यावरून आजाराचा अंदाज बांधता येतो. पण तो अमायलॉइड दाखवत नाही. मेंदूचा पेट करायला सांगितला असेल तर 'कुठला ट्रेसर?' हे जरूर विचारा. दोन्हींच्या रिपोर्टचा अर्थ पूर्ण वेगळा असतो.

किरणांची भीती वाटणं साहजिक आहे. फ्लोरबेटापिरच्या एका स्कॅनमधून सुमारे ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा आणि आकाशातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच, म्हणजे साधारण तीन वर्षांचा हप्ता एकदम. सत्तरीतल्या, खरी गरज असलेल्या रुग्णासाठी ही अडचण नाही. उगाच हौसेने करायची मात्र ही तपासणी नाही. घरात आजोबांना होता, म्हणून मला कुठलंच लक्षण नसताना स्कॅन करून घेऊ का? अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये घालून दिलेल्या निकषांत याला स्पष्ट नकार होता. आजार किती पुढे गेलाय हे मोजायलाही तो वापरू नये असं त्यात म्हटलं होतं. आणि स्कॅनच्या कितीतरी आधी बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं, झोप, नैराश्य आणि चालू असलेल्या गोळ्या तपासायला हव्यात. यातलं काही बिघडलं असेल तर ते सुधारता येतं, आणि शाकाहारी घरांमध्ये बी-१२ची कमतरता किती सहज आढळते हे आपल्याला ठाऊक आहे.

दूरवरच्या गावांसाठी खरी आशा रक्ताच्या तपासणीची आहे. टाऊचं पी-टाऊ २१७ हे रूप रक्तात मोजता येतं आणि मेंदूतल्या अमायलॉइडशी त्याचं चांगलं जुळतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या तपासणीला मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी. ती बरोबर आहे की नाही हे ठरवायला फूटपट्टी म्हणून वापरला गेला तो पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातल्या द्रवाची तपासणी. रक्ताचं उत्तर अधांतरी आलं, तर पुन्हा त्यांच्याकडेच यावं लागतं.

अजून न दिसणारं

मैत्रिणीने शेवटी विचारलं, "तिच्या डोक्यात फक्त हेच असेल ना?" याचं उत्तर कुठलाही स्कॅन आज देऊ शकत नाही. वयस्कर मेंदूत अनेकदा दोन-तीन आजार एकत्र नांदतात. ऐंशीपुढच्या कित्येकांमध्ये टीडीपी-४३ नावाचं तिसरंच प्रथिन हिप्पोकॅम्पसजवळ साचतं आणि हुबेहूब अल्झायमरसारखं विसरायला लावतं. ते पेशीच्या आत असतं, प्रमाणाने फार थोडं असतं, आणि त्याला नेमकं धरणारा, सिद्ध झालेला ट्रेसर अजून कोणाला साधलेला नाही. त्याच्यासाठी आजही मेंदूचा काप, रंग आणि सूक्ष्मदर्शकच लागतो, १९०६ सारखा.